कापणीच्या दिवसाचा रंग

पोशीर
२२ सप्टेंबर २०२४

चि. उज्वला हिला आत्याचा जयभीम.

पोटात दोन घास गेले असतील तरच पुढचं वाच, नायतर आधी जेवून घे.

काल फोनवर तू म्हणालीस, आत्या, रंगाचा फोटो पाठवू नकोस, फोन रंगाच्या बाबतीत खोटं बोलतो, खरी वस्तू पाठव. मंग घे खरी वस्तू. पाकिटात आपल्या खाचरातली भाताची लोंबी हाय. आमच्या गटाच्या तांदळाच्या पिशवीला हाच रंग पायजे. बायांची बैठक झाली आणि एकमतानं ठरलं. आमच्या गटात एकमत म्हंजे काय ते तुला ठाऊक हाय. मागच्या बैठकीत चहात आलं घालायचं का नाय यावरून दोघी रुसून घरी गेल्या होत्या.

तू त्या छापखान्यात नवीन, म्हणून तुझ्या साहेबाला सांगायला सगळं परत लिहिते. इतकी वर्षं आमचा तांदूळ नेरळचा शेट नेतो. त्याच्या पांढऱ्या पिशवीत भरतो, वर त्याचं नाव. माणूस वाईट नाय, पण खाणाऱ्याला पोशीर ठाऊक नाय आणि आमी तर नायच नाय. यंदा पिशवी आमची आणि खाली गटातल्या सगळ्या बायांची नावं. भात दिवाळीनंतर गिरणीत जाणार. तवापर्यंत पिशव्या हातात पडल्या नाय तर तांदूळ ठेवायला कुणाकडं जागा नाय, तो मंग शेटच्याच पिशवीत जाईल. आणखी एक वरीस गेलं म्हणायचं.

पाकीट तुमच्या टेंपोवाल्या जगदीशकडं देते. तो नेरळला माल टाकायला येतो तवा इकडं वळतो म्हणाला. पोरगा लाजरा हाय. नको नको म्हणत तीन भाकऱ्या खाल्ल्या.

तुझी आत्या चंद्राबाई


खालापूर
२६ सप्टेंबर २०२४

प्रिय आत्या,
सप्रेम जयभीम. जेवून वाचलं, शपथ.

सोबत पहिलं प्रूफ आहे. तू बायांना समजावून सांगशील म्हणून जरा सविस्तर लिहिते. साधं रंगीत चित्र चार शायांच्या बारीक ठिपक्यांतून तयार होतं. तुमच्या पिशवीचा रंग तसा होणार नाही. आमचे शाईवाले तो वेगळा कालवून डब्यात भरतील आणि तोच डबा मशीनवर चढेल. त्याला आम्ही स्पॉट कलर म्हणतो. पण शाई कालवण्याआधी गिऱ्हाइकाला कागदावर दाखवावं लागतं की बाई, रंग हा असा येईल. तो कागद म्हणजे प्रूफ.

गंमत अशी की माझ्या प्रूफच्या मशीनमध्ये तो डबा नसतोच! तिच्याकडे तिच्या नेहमीच्या शाया. त्यांच्यातूनच त्या डब्याची हुबेहूब नक्कल तिच्याकडून करून घ्यायची. चिंच संपलेली असताना कोकमावर चिंचेची आमटी करायची आणि आतोबांना कळू द्यायचं नाही, तसं माझं काम.

लोंबी पोहोचली त्याच संध्याकाळी दाणे काचेच्या बशीत दाटीने पसरले आणि रंग मोजायचं यंत्र वर टेकवलं. यंत्राने आकडे दिले, ते धरून प्रूफ काढलं, मग प्रूफही मोजलं. दोन्हींत डोळ्याला दिसेल असा फरक नाही. साहेबांनी बघून मान डोलावली. आत्या, माझ्या हातचं हे पहिलंच स्वतंत्र काम आहे आणि ते आपल्या घरचं आहे, मला इतका आनंद झालाय की काय सांगू!

पसंत पडलं की मागे सही करून जगदीशकडे दे. सहीशिवाय शाई कालवत नाहीत.

तुझी उज्वला


पोशीर
२ ऑक्टोबर २०२४

चि. उज्वला,
जयभीम.

सही केली नाय. राग मानू नको. तुझा कागद हिरवा हाय गं! कच्च्या पपईसारखा. लोंबीला लावून बघितला, शेजारच्या अंबूबायनं बघितला, रस्त्यानं चाललेल्या पोस्टमननं पण बघितला. सगळे म्हणाले, हिरवा. लोंबीत पिवळी झाक हाय ती तुझ्या यंत्राला दिसली नाय वाटतं. नवीन घेतलंय का कुठल्या भंगारातनं आणलंय?

परत एक लोंबी पाठवते. नीट बघ. घाई करू नको, पण उशीर पण करू नको.

तू आमच्या घरचं पहिलंच काम करतेस हे वाचून मी आतोबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ते म्हणाले, आणि कोकमाच्या आमटीचं काय लिहिलंय तिनं? मंग मला ते पण वाचावं लागलं. आता दर आमटीला विचारतात, चिंच का कोकम.

चंद्राबाई


खालापूर
६ ऑक्टोबर २०२४

प्रिय आत्या,
जयभीम.

यंत्र भंगारातलं नाही गं! पण तू म्हणालीस म्हणून सगळं पहिल्यापासून केलं. मशीनची तपासणी केली, कागद बदलला, नवीन लोंबी मोजली. खरंच या खेपेला आकडे पिवळ्याकडे झुकले. पहिल्या वेळी मीच दाणे नीट पसरले नसतील, खालची काच मोजली गेली असेल. चूक माझी. दुसरं प्रूफ सोबत आहे, दुसऱ्या लोंबीला तंतोतंत.

आता तुम्ही पण एक करा. प्रूफ कुठेही धरून बघायचं नाही. भर उन्हात नको, घरातल्या दिव्याखाली तर मुळीच नको. सकाळी दहा-अकराला सावलीत. आजूबाजूला भडक रंग नको, नाहीतर डोळा फसतो. लाल लुगड्यावर ठेवलेला पिवळा हिरवट दिसतो. आमच्याकडे त्यासाठी राखाडी रंगाची दिव्याची पेटी आहे. तुम्ही खाली एखादं राखाडी कापड अंथरा.

आतोबांना सांग, दिवाळीला आले की दोन्ही आमट्या करून घालीन, ओळखून दाखवा म्हणावं.

उज्वला


पोशीर
११ ऑक्टोबर २०२४

चि. उज्वला,
जयभीम.

राखाडी कापड म्हणालीस. आमच्याकडं कुणाचं लुगडं राखाडी असतं? बाया असला रंग घेतील का पैसे देऊन! शेवटी तुझ्या आतोबांची सफारीची पॅन्ट सापडली, लग्नाकार्याला घालतात ती. ती घेऊन आमी सगळ्या बांधावर गेलो, आंब्याच्या सावलीत पसरली, वर तुझा कागद, कागदाशेजारी लोंबी. आतोबा घरी लुंगीवर, कारण त्यांना उद्या विहारात धम्मचक्र दिनाच्या कार्यक्रमाला तीच पॅन्ट पायजे होती आणि आता तिला चिखल लागलाय. घरात माझ्याशी बोलणं बंद हाय. पत्र लिहायला निवांत वेळ मिळाला.

तर पोरी, सगळं तुझ्या सांगण्यापरमाणं केलं आणि कागद हिरवाच. मागच्यापेक्षा बरा, पण हिरवाच. वाडीवरची वनिता आमच्यात सगळ्यात शांत, ती पण म्हणाली, ताई, हे आपलं भात नाय.

मला सही करायची लई इच्छा हाय. तुझ्यासाठी डोळे झाकून केली असती. पण पिशवी एकटीची नाय, सगळ्यांची हाय. तिसरी लोंबी पाठवते.

आत्या


खालापूर
१४ ऑक्टोबर २०२४

प्रिय आत्या,
जयभीम.

तिसरं प्रूफ पाठवतेय. तिसऱ्या लोंबीशी मी स्वतः, साहेबांनी आणि शाईवाल्यांनी, तिघांनी जुळवून पाहिलंय. यात केसभर फरक नाही, आत्या. केसभर नाही.

खरं सांगू का, दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. साहेब म्हणाले, अजून एकच प्रूफ देऊ, तेही शुक्रवार २५ तारखेपर्यंत. त्यानंतर लग्नसराईच्या मिठाईच्या खोक्यांचं मोठं काम मशीनवर चढणार, मग तुमच्या पिशव्या थेट डिसेंबरच्या शेवटी. म्हणजे तुमचा तांदूळ शेटच्या पिशवीत. माझ्या हातून असं झालं तर मी पोशीरला कुठल्या तोंडाने येऊ?

एक विचारते, रागावू नकोस. वयाप्रमाणे डोळ्यावर पडदा येतो. मोतीबिंदू असला की पिवळा-निळा नीट कळत नाही असं इथले शाईवाले म्हणतात. नेरळला गुरुवारी डोळ्यांचं शिबिर आहे. अंबूबाईंना पण घेऊन जा. माझ्यासाठी जा.

तुझीच उज्वला


पोशीर
१९ ऑक्टोबर २०२४

उज्वलाताई,
(आज चि. नाय. मोतीबिंदूवाल्या बाईला लहानमोठं कळत नाय.)

गेले शिबिराला. एकटी नाय, सगळा गट गेला, कारण तुझं पत्र मी मोठ्यानं वाचलं आणि प्रत्येकीला आपल्यालाच पडदा आलाय असं वाटायला लागलं. डॉक्टर पोरगेला होता. त्यानं तक्त्यावरची अक्षरं वाचायला सांगितली. मी वाचली, शेवटची बारीक ओळ पण वाचली. मंग त्याच्या मागच्या भिंतीवर कॅलेंडर होतं, त्यावरच्या दूधवाल्याच्या नोंदी वाचल्या. तो म्हणाला, आजी, तुम्ही उगाच आलात. आजी म्हणाला! तेवढं सोडलं तर चांगला डॉक्टर हाय. अंबूबायला जवळचा चष्मा लागला. तो लावून ती दिवसभर सगळ्यांच्या भाकऱ्यांतले दोष सांगत होती.

आता डोळ्यांचं सर्टिफिकेट मिळालंय तर ऐक. तुझा तिसरा कागद मी आज जगदीशच्या समोर लोंबीला लावला. हिरवा! अगं, आमचं भात पिकून वाकलं, पाखरं हाकून हात दुखले, आणि तुझा कागद अजून कच्चाच! तू तिथं काय करतेस ते मला कळत नाय, पण इथं चार दिवसांत इळा लागणार हाय.

रागानं लिहिलंय. पण तुला जेवण गोड लागत नाय हे वाचून मला पण लागलं नाय. जगदीशबरोबर डब्यात तांदळाची खीर धाडलीय. आधी ती खा, मंग रड.

आत्या


खालापूर
२१ ऑक्टोबर २०२४

आत्या! आत्या गं!

मी इतकी हसले की शाईवाले धावत आले, म्हणाले हिला शाईचा वास चढला.

तू लिहिलंस ना, आमचं भात पिकून वाकलं आणि तुझा कागद अजून कच्चाच? ते वाचलं आणि खीर खाता खाता थांबले. आधी भिंतीवर टाचलेल्या तिन्ही लोंब्यांकडे बघितलं. त्या वाळून एकसारख्या पेंढ्याच्या रंगाच्या झाल्यात, त्यांच्यावरून काहीच कळेना. मग यंत्रात साठवलेले आकडे काढले. पहिली लोंबी हिरवी. दुसरी पिवळट. तिसरी त्याहून पिवळी. आणि प्रत्येक प्रूफ आपापल्या लोंबीला जुळलेलं. आत्या, मी एकदाही चुकले नाही आणि तूही एकदाही चुकली नाहीस!

तू लोंबी पाठवायचीस. इथे मी ती मोजून प्रूफ काढून जगदीशची खेप येईपर्यंत आठवडा जायचा. आणि तू ते प्रूफ कशाला लावून बघायचीस? खाचरातल्या उभ्या भाताला. ते काय माझ्या कागदाची वाट बघत थांबणार होतं? मी धावत त्याच्या मागे आणि ते दरवेळी पुढे! माझ्याही डोक्यात आलं नाही. तू बांधावर गेल्याचं लिहिलंस तेव्हा तरी कळायला हवं होतं, पण मी पॅन्टवर हसत बसले. आणि वर तुला मोतीबिंदू लावला. माझे कान धर, दोन्ही.

आता नीट ऐक. डब्यातली शाई एकच असते, ती पिकत नाही. छापली की कायमची तीच. तेव्हा भाताचा कुठल्या दिवसाचा रंग हवा ते तुम्ही ठरवा. सोबत तिन्ही प्रूफं परत काढून पाठवतेय, मागे तारखा आहेत. यातलं एक निवडलंत आणि सही केलीत तर शुक्रवारच्या आत काम होतं. पिशव्या वेळेवर मिळतील. निवडा, पण या वेळी कृपा करून घरात बसून निवडा!

तुझी (दृष्टी सुधारलेली) उज्वला


पोशीर
२२ ऑक्टोबर २०२४

माझी गुणाची पोर ती,

तुझं पत्र बैठकीत वाचलं. आधी कुणाला कळलं नाय, मंग वनिताला कळलं आणि ती तोंडाला पदर लावून जी हसायला लागली, तिच्यामागं सगळ्या. आतोबा बाहेरनं विचारत होते, काय झालं, काय झालं. महिनाभर आमी तुझ्या कागदाला शिव्या दिल्या आणि भात आपलं गुपचूप पिकत होतं!

मंग भांडण लागलं. तिन्ही कागद पॅन्टवर मांडले (आता ती कायमची गटाची झाली). अंबूबाय म्हणाली, पहिला घ्या, दाण्यात दूध भरतं तवाचा, त्या रंगाकडं बघून पोट भरतं. धोंडूबाय म्हणाली, कच्च्या भाताच्या पिशवीत पिकला तांदूळ विकणार का, लोक हसतील, तिसरा घ्या. एक जण म्हणाली दुसरा, कारण तो मधला हाय, म्हंजे भांडण नको. त्यावर दोघी तिच्याशी भांडल्या.

 मला विचारलं तवा म्हटलं, यातला एकबी नको. पेरायचं कधी ते पाऊस ठरवतो. दाणा किती भरायचा ते ऊन ठरवतं, किडा ठरवतो. पुढं गिरणीवाला ठरवतो, भाव दुसराच कुणी ठरवतो. या सगळ्यात कापायला कधी घ्यायचं एवढंच आमी ठरवतो. सकाळी बाय बांधावर उभी राहती, बघती आणि म्हणती, आज. तेवढा एक दिवस आमचा. तर रंग त्या दिवशीचा घ्या.

बायांनी तिन्ही कागद गोळा केले. मंग धोंडूबाय म्हणाली, परवा घेऊ कापायला.

तर परवा गुरुवारी तू ये. तुझं यंत्र घेऊन ये. आमी लोंबी पाठवणार नाय, यंत्रानंच खाचरात यायचं. साहेबाला सांग, एक दिवसाची सुट्टी दे, नाय दिली तर आमी सगळ्या येतो विचारायला.

आत्या


खालापूर
२५ ऑक्टोबर २०२४, सकाळ

आत्या,

घाईत लिहितेय, जगदीश टेंपो चालू ठेवून उभा आहे.

काल घरी पोहोचले तरी कानात तुमचाच कलकलाट. साहेबांना मी तुझं पत्रच वाचायला दिलं होतं. सुट्टी दिली, आणि वर म्हणाले, यंत्र चिखलात पाडू नका. पाडलं नाही. पण वनिताने बटण दाबायचा हट्ट धरला, मग प्रत्येकीने दाबलं, त्यामुळे कालच्या खाचराचे मोजके दोन नाही, चांगले डझनभर आकडे मिळाले. शाईवाले म्हणाले, इतकं नीट मोजलेलं काम आमच्याकडे मोठ्या कंपन्यांकडूनही येत नाही. सगळ्यांची सरासरी काढून आज पहाटे प्रूफ काढलंय. हेच शेवटचं. संध्याकाळी पाचच्या आत सही इथे हवी, नाहीतर खोकी मशीनवर चढतील.

आणि ऐक, आता हे कशालाही लावून बघू नका! कापलेलं भात कालपासून उन्हात वाळतंय, त्याचा रंग केव्हाच पुढे गेला.

उज्वला


(त्याच पत्राच्या मागे)

लावून बघायला आता भातच उभं नाय गं. सगळ्या खाचरातच होतो, कागद तिथंच बघितला. आधी सगळ्यांनी डोळे मिटले आणि कालची सकाळ आठवली. मंग उघडले. अंबूबायनं चष्मा काढून ठेवला, म्हणाली हे याच्याशिवाय बघायचं. सगळ्यात आधी तीच म्हणाली, हाच.

सही केलीय. माझ्या एकटीची मागितली होती, पण सगळ्यांनीच केल्या, अंगठे पण हायत. कागद चिखलाचा झालाय, तुझ्या साहेबाला चालवून घ्यायला सांग. जगदीशला जेवायला पण बसू दिलं नाय, हातात भाकरी देऊन पळवलाय.

आत्या


पोशीर
८ डिसेंबर २०२४

माझ्या लाडक्या उज्वलाला आत्याचा जयभीम.

तुला फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर माझा आवाज फुटला असता, म्हणून लिहिते.

पिशव्या वेळेवर आल्या ते तुला ठाऊक हाय. तांदूळ भरला, पहिली खेप डोंबिवलीच्या दुकानांत गेली. शेट नेहमीसारखा आपल्या पांढऱ्या पिशव्यांची गठडी घेऊन आला. त्याला बसवलं, चहा दिला, त्यात आलं घातलं होतं. त्यानं आमची पिशवी हातात घेतली, उलटीपालटी केली, नावं वाचली आणि म्हणाला, छान झालीय हो. पुढच्या साली माझ्याकडच्या दुकानांना अशीच भरून द्याल का? मी म्हटलं, अशीच असेल तर देऊ. तो गठडी घेऊन तसाच परत गेला, पण हसत गेला.

आता खरी गोष्ट. काल दुपारी आमी गिरणीत बसलो होतो, सगळ्या. फोन वाजला. पिशवीवर माझा नंबर हाय ना. डोंबिवलीहून एक बाई बोलत होती. म्हणाली, दुकानात ओळीनं पिशव्या होत्या, तुमची तेवढी शेतासारखी दिसली म्हणून उचलली. भात शिजवला तर शेजारीण विचारायला आली, कशाचा वास येतोय.  मी नुसती हो हो करत होते.

मंग ती म्हणाली, पिशवीवर एवढी नावं आहेत, ही माणसं खरी आहेत का नुसतीच छापलीत? मी म्हटलं, खरी हायत बाई, सगळ्या इथंच बसल्यात. मी फोन मोठ्या आवाजावर केला. ती म्हणाली, थांबा, वाचते. आणि ती डोंबिवलीची बाई पिशवी हातात घेऊन एकेक नाव वाचायला लागली. चंद्राबाई. मी म्हटलं, हाय. अंबूबाई. हाय! वनिता. वनितानं नुसता हात वर केला, मंग आमीच ओरडलो, हाय हाय! असं करत सगळ्या झाल्या. शेवटी धोंडूबाई. ती गिरणीच्या पट्ट्याजवळ बसली होती, उठून उभी राहिली आणि लहान पोर शाळेत म्हणतं तसं म्हणाली, हजर.

 मंग धोंडूबाय माझ्याजवळ आली, फोनच्या तोंडाशी वाकली आणि म्हणाली, बाय, येवढ्या लांब आमची नावं कुणी घेतली नव्हती. परत एकदा वाचता का?

तिनं परत सगळी वाचली.

तुझी आत्या
चंद्राबाई